सात फुटी दाराची चोरी

१

"तीस वर्षं झाली मला विंगेत उभं राहून. माझ्या प्रयोगातून आजवर टाचणीसुद्धा हरवलेली नाही," असं आक्का हॉलच्या मालकांना छाती पुढे काढून सांगत होती, तेवढ्यात सुतारकाका धापा टाकत आले.

"आक्का, दार गेलं."

"कुठलं दार?"

"आपलं हो! स्टेजवरचं."

"गेलं म्हणजे? पडलं?"

"पडलं असतं तर उचललं असतं की. चौकट आहे जागच्या जागी. दार नाही."

मालकांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. त्यांची तीच सवय होती, कुणी वाईट बातमी दिली की वेळ बघायची. "अकरा वाजलेत," ते म्हणाले. "पाचला पडदा वर जायचाय. गेला, तर ठरल्याप्रमाणे पुढचे बारा रविवार तुमचे. नाही गेला, तर मी ते जादूगाराला देतो. त्याच्या वस्तू गायब झाल्या तरी लोक टाळ्या वाजवतात."

एवढं बोलून ते निघून गेले.

आक्काने आयुष्यभर दुसऱ्यांची नाटकं सांभाळली होती. घंटा देणं, पडदा ओढणं, विसरलेली वाक्यं विंगेतून पुरवणं, नायकाची मिशी गळाली तर ती परत चिकटवणं. पंचावन्नाव्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःचं नाटक काढलं होतं. आणि त्या नाटकात सामान असं एकच होतं: दार. नायक त्या दारातून येतो, नोकर त्याला कान लावून ऐकतो आणि शेवटी आई आपल्या माजलेल्या लेकीच्या तोंडावर ते धाडकन लावून घेते. ते दार गेलं, की नाटकात चार भिंती आणि थोडा खोकला एवढंच उरत होतं.

मागच्या फाटकावरच्या वॉचमनला आक्काने विचारलं. त्याने शपथेवर सांगितलं, "सकाळपासून बाहेर गेलं ते फक्त एक मांजर. तेही रिकाम्या हाताने."

म्हणजे दार इमारतीतच होतं. आणि ज्याने नेलं, तोही.

२

आक्का आधी स्टेजवर गेली. चौकट एकटीच उभी होती, दात पडलेल्या तोंडासारखी. नऊ वाजता काकांनी दार बसवलं, ते नाश्त्याला गेले, परत येऊन बघतात तर ही अवस्था.

"तोडून नेलंय का हो?" आक्काने विचारलं.

"छे! बिजागऱ्यांसकट सोडवून नेलंय. आणि हे बघा."

चौकटीखाली कपात सगळे स्क्रू नीट जमा करून ठेवले होते. लाकडाचा भुसा झाडून कोपऱ्यात ढीग केला होता.

"चोर स्वच्छ दिसतोय," काका म्हणाले.

आक्का त्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या मनात जे तीन संशयित होते, त्यांच्यापैकी एकानेही गेल्या तीन महिन्यांत स्वतःचा चहाचा कपसुद्धा उचलला नव्हता.

हे तिघे म्हणजे तिचे तीन तरुण कलाकार; नाटकातली आई तेवढी एक जुनी नटी करत होती. हल्ली नवे चेहरे घेतल्याशिवाय हॉल भरत नाही, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. तिने चेहरे घेतले, आणि चेहऱ्यांबरोबर त्यांचे नखरे आले. बॅकस्टेजच्या लोकांनी तिघांची नावं पहिल्याच आठवड्यात बदलून टाकली होती. नायक तो युवराज. फोनवर तीस सेकंदांचे व्हिडिओ करून तो प्रसिद्ध झाला होता, आणि त्यामुळे एकतिसाव्या सेकंदाला तो वाक्य विसरायचा. नायिका ती महाराणी. तिच्याबरोबर तिची आई यायची आणि बोलायचीही तीच. आणि नोकराचं काम करणारा तो भाचेबुवा, हॉलच्या मालकांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याला नाटकात तीन वाक्यं होती आणि तक्रारी तीनशे. सगळ्यात मोठी तक्रार ही, की युवराज आणि महाराणीच्या मेकअपरूमला दार आहे आणि आपल्या तीन नंबरला नुसता फुलाफुलांचा पडदा. कालच्या एका दिवसात त्याने हे अकरा वेळा ऐकवलं होतं.

तिघंही रोज मागण्यांची यादी काढायचे. कालही काढली होती, प्रत्येकी दोन पानं. आक्काने तिन्हींवर न वाचता सही ठोकली. वाचत बसली असती तर शुभारंभ पुढच्या वर्षी झाला असता. निर्मातीची सही झालेला कागद हॉलच्या ऑफिसातल्या ट्रेमध्ये टाकायचा, असा मालकांचा नियम होता. तिथून पुढे त्याचं काय होतं हे आक्काला माहीत नव्हतं. काहीच होत नसावं, असा तिचा समज होता.

तिने अख्खी इमारत पालथी घातली. स्टेजखाली बघितलं, कपड्यांच्या खोलीत बघितलं, काकांनी तर बाथरूममध्येही डोकावून शिव्या खाल्ल्या. सात फूट उंच, तीन फूट रुंद दार. असं ते लपवणार तरी कुठे?

राहिला होता तो मेकअपरूमचा बोळ. तिथला दिवा दोन दिवसांपासून गेलेला होता. आक्का अंधारातच चाचपडत पुढे निघाली.

३

एक नंबरची मूठ फिरवून ती आत शिरली. युवराज आरशासमोर मान वर करून बसला होता आणि मेकअपदादा त्याच्या गालावर स्पंज फिरवत होते. अंगावर पावडर सांडू नये म्हणून दादांनी त्याच्या गळ्याभोवती फुलाफुलांचं एक कापड गुंडाळलं होतं.

"स्टेजवरचं दार चोरीला गेलंय," आक्का म्हणाली.

"कूल!" युवराज म्हणाला. "म्हणजे, वाईट झालं. पण आक्का, मी म्हटलंच होतं ना, हिरो दारातून का येईल? दारातून तर कुणीही येतं. मी प्रेक्षकांतून येतो. धूर सोडा, मागून चार लोकांनी ओरडायचं."

"सकाळी नऊ ते अकरा कुठे होतास?"

"इथेच. दादांना विचारा. माझा एक डोळाच दीड तास चालला होता."

"डोळा नाही, भुवई," दादा म्हणाले. "त्यांना ती थोडी विचारात पडलेली हवी होती."

"आणि आक्का, मी दार कसं नेणार? मला दार उघडताही येत नाही, ते माझ्यासाठी कायम कुणीतरी उघडतं," युवराज अभिमानाने म्हणाला. "आणि प्लीज, हे कापड बदला. फुलं माझ्या स्किनला जात नाहीत."

दोन नंबरची मूठ फिरवली. महाराणी सोफ्यावर आडवी होती, डोळ्यांवर ओला कापूस. शेजारी तिची आई.

"आम्ही बोलणार नाही," आई म्हणाली. "आम्ही आवाजाला विश्रांती देतोय."

"मग मान हलवा. दार तुम्ही नेलंत?"

महाराणीने फोनवर काहीतरी टाइप केलं. आईने चष्मा वर ढकलून वाचलं. "ती म्हणते, नाही, पण ज्याने नेलं त्याचे आभार. शेवटच्या प्रवेशात माझ्या तोंडावर दार आपटतात, ते माझ्या चाहत्यांना आवडणार नाही. लेकीने आईच्या तोंडावर आपटावं."

"मग नाटकाचा अर्थच उलटा होतो."

टाइप. "ती म्हणते, होऊ दे."

"आणि तुम्हाला काय वाटतं, ताई? तुम्ही आई आहात."

आईने मुलीकडे बघितलं, मग हळूच आक्काच्या कानाशी येऊन म्हणाली, "मला तो शेवट फार आवडतो हो. पण मी बोलले म्हणून सांगू नका."

तीन नंबरपाशी मात्र आक्काचा हात अंधारात मूठ शोधत राहिला. मूठ काही लागेना. तिने ठोठावलं. आतून कडी निघाली आणि चार बोटं फट उघडली. फटीत भाचेबुवांचं अर्धं नाक दिसलं.

"काय आहे?"

"दार गेलंय."

"ऐकलं. फार वाईट. मी बिझी आहे."

"कशात?"

"भूमिकेत शिरतोय."

"तीन वाक्यं आहेत तुला."

"म्हणूनच. कमी जागा आहे, शिरायला वेळ लागतो." अर्धं नाक आत गेलं, कडी लागली.

आक्का बोळातच उभी राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. जिना चढताना पायरी मोजायची राहून जाते, तसं. पण काय, ते कळेना. तेवढ्यात काका एक कागद नाचवत आले. तो तिने उजेडात नेऊन वाचला.

४

कागदावर तिघांच्या सह्या होत्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे तिघं पहिल्यांदाच एकत्र आले होते. मजकूर महाराणीच्या आईच्या अक्षरातला: दार नाही त्या अर्थी नाटक बदलावं. युवराज प्रेक्षकांतून येईल. शेवटचा प्रवेश काढून टाकावा. नोकराला पाच वाक्यं वाढवावीत. चार वाजेपर्यंत होकार न आल्यास आम्ही उभे राहणार नाही.

"लिहून द्या हो म्हणून," काका म्हणाले. "आजचा दिवस निभवा. बारा रविवार आहेत पदरात पडायचे."

"आणि बारा रविवार काय दाखवू? धूर?"

"आक्का, हट्ट करू नका."

"काका, तीस वर्षं मी हो म्हणतेय. नायकाला गार पाणी हवं, हो. त्याला ते कोमट हवं, हो. निर्मात्याच्या मेव्हण्याला राजा करा, हो. हे एक नाटक मी नाही म्हणायला काढलंय. त्यातलं शेवटचं दार लागलंच पाहिजे, नाहीतर मी विंगेत परत जाते आणि मरेपर्यंत मिशा चिकटवते."

आक्का रिकाम्या चौकटीत जाऊन बसली, पाय प्रेक्षकांकडे, पाठ विंगेकडे. साडेतीन वाजले होते. ती एकेक गोष्ट परत आठवू लागली. स्क्रू कपात ठेवलेले. भुसा झाडलेला. तिघांपैकी कुणी झाडू हातात धरणं शक्य नाही. धरलाच, तर आधी फोटो काढतील. मग झाडू मारणारा, स्क्रू जपणारा, बिजागरी सोडवता येणारा माणूस कोण? काका. पण काका तर दाराचा बाप.

"तुमच्याशिवाय इथे पेचकस कोण वापरतं?" तिने विचारलं.

"हॉलचा मिस्त्री. पण तो स्टेजकडे फिरकत नाही. त्याची हद्द मेकअपरूम, संडास आणि गच्ची. आम्ही बोलत नाही एकमेकांशी, त्याने माझी शिडी नेली होती मागे. सकाळपासून गच्चीवर टाकी धुतोय."

तेवढ्यात मेकअपदादा आले. खांद्यावर ते फुलाफुलांचं कापड. "आक्का, साहेबांनी हे फेकून दिलं. तुम्हाला हवंय का पुसायला? चांगलं जाड आहे."

"कुठलं हे?"

"मिस्त्रीने दिलं सकाळी. म्हणाला, घ्या, आता तिथे लागत नाही."

आक्का त्या फुलांकडे बघत राहिली. ही फुलं तिने काल अकरा वेळा ऐकली होती.

मग ती उठली ती अशी, की चौकट हलली.

"काका, पेचकस घ्या. आणि टॉर्च. दादा, गच्चीवर जाऊन मिस्त्रीला आणा, असेल तसा आणा."

"सापडलं दार?"

"सापडलं? अहो, मी सकाळी त्याला ठोठावून आले."

५

बोळात सगळे जमले. युवराज एका विचारात पडलेल्या भुवईसह, महाराणी आणि तिची आई, मिस्त्री ओल्या पँटने. तीन नंबर बंद होतं.

"ऐका," आक्का म्हणाली. "दार नेणारा कामाचा माणूस आहे. स्क्रू ठेवले, भुसा झाडला. म्हणजे तुम्ही तिघं सुटलात, आणि हे काही कौतुक नाही. दुसरं, तीन नंबरच्या पडद्यावरून काल अकरा तक्रारी आल्या. आज एकही नाही. आजारी माणूस एकदम कण्हायचा थांबला की मी डॉक्टरला बोलावते. तिसरं, तो पडदा सकाळपासून युवराजच्या गळ्यात होता. पडदा लागेनासा झाला, म्हणजे तिथे दुसरं काहीतरी आलं. आणि चौथं, मी तीन नंबरला ठोठावलं, आतून कडी निघाली. पडद्याला कडी कधीपासून असते? बाहेरून मूठही नव्हती. मूठ एकाच बाजूला असते, ती नाटकातल्या दाराला. दुसरी बाजू कुणी बघत नाही. काका, टॉर्च मारा."

काकांनी टॉर्च मारला. कोऱ्या लाकडावर, डोळ्यांच्या उंचीवर, काकांच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: *ही बाजू लोकांना दाखवू नये.*

"मी सकाळी दोनदा इथून गेलो," काका पुटपुटले आणि त्यांनी टॉर्च स्वतःच्या पायांकडे वळवला.

"मिस्त्री," आक्का म्हणाली, "का रे बाबा?"

मिस्त्रीने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "यादी आहे ना. भाचेसाहेबांची. कलम सात, खोलीला दार लावणे, असेल ते चालेल, आजच. आता आजच म्हणजे नवीन कुठून आणू? शोधत शोधत स्टेजवर गेलो. बघतो तर काय, एक दार उभं. पुढून बघितलं, मागून बघितलं. पलीकडे खोलीच नाही! इकडे खोली आहे तिला दार नाही, तिकडे दार आहे त्याला खोली नाही. म्हटलं, कुणीतरी चुकीच्या ठिकाणी बसवलंय. दिलं बसवून."

"वीस वर्षं या हॉलमध्ये आहेस. नाटक कधी बघितलं नाहीस?"

"ती माझी ड्युटी नाही," मिस्त्री म्हणाला. "आणि खाली सही तुमची आहे."

सही तिचीच होती. आक्काने कागद हातात घेतला आणि टॉर्चखाली धरून सही परत एकदा बघितली.

तेवढ्यात आतून आवाज आला. "दार माझं आहे!" भाचेबुवा कडीआडून ओरडले. "मी ओळखलं होतं सकाळीच! मला वाटलं, शेवटी कुणीतरी माझी किंमत ओळखली! आता पोस्टरवर माझं नाव यांच्याएवढंच पाहिजे आणि पाच वाक्यं पाहिजेत. तोवर मी कडी काढणार नाही!"

६

चार वाजून चाळीस मिनिटांनी हॉलचे मालक बोळात आले.

"मामा!" आतून आवाज आला. "ही बाई माझं दार काढतेय!"

काकांनी आणि मिस्त्रीने पेचकस खाली घेतले. सगळे आक्काकडे बघू लागले. मालकांची बहीण आपल्या मुलाला काय समजते हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

"मालक," आक्का म्हणाली, "बारा रविवार जादूगाराला द्यायचे तर द्या. पण आज पाच वाजता हे दार माझ्या चौकटीत असेल. कडी तुमच्या भाच्याकडे आहे, पण बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आल्यात. मिस्त्री, सोडव."

मालकांनी घड्याळ बघितलं. गेले ते थेट प्रेक्षागृहात, पहिल्या रांगेत जाऊन बसले.

स्क्रू एकेक करून निघाले. शेवटी काका आणि मिस्त्री, शिडीनंतर पहिल्यांदाच एकत्र, दार उचलून बाजूला झाले. मागे भाचेबुवा उभे होते, एका पायात नोकराची विजार, एक पाय मोकळा, कडी धरलेला हात तसाच हवेत. महाराणीच्या आईने तोंड फिरवलं. मग परत बघितलं.

"आणि तुम्ही दोघं," आक्का युवराज आणि महाराणीकडे वळली. "चार वाजून गेले, माझा होकार आला नाही. उभं राहायचं नसेल तर घरी जा. तीन महिने तुमचं प्रत्येक वाक्य आधी मी म्हणतेय, मागून तुम्ही. आज फक्त जरा मोठ्याने म्हणेन. महाराणीचं काम मी करते."

"आणि माझं?" युवराजने विचारलं.

"दादा करतील."

"त्यांचं वय साठ आहे!"

"पण पाठ आहे," आक्का म्हणाली.

युवराजने मागे वळून बघितलं. मेकअपदादा एक नंबरमधल्या आरशासमोर बसून स्वतःच्या गालाला लाली लावत होते. भुवई त्यांनी आधीच विचारात पाडली होती.

युवराज जो पळाला तो विंगेत जाऊनच थांबला. महाराणीने सकाळपासूनचं पहिलं वाक्य तोंडाने उच्चारलं. "मम्मी, माझी चप्पल कुठंय?" आई म्हणाली, "शोध," आणि प्रेक्षागृहात जागा धरायला निघून गेली.

पाचला पाच कमी. दार चौकटीत बसत होतं. आक्काने एका खांद्याने ते पेललं होतं, काका वरचा स्क्रू आवळत होते.

"आक्का," मिस्त्री म्हणाला, "अजून दोन याद्या आहेत माझ्याकडे. त्यांचं काय करू?"

"सही आहे ना माझी? मग कर बाबा काय लिहिलंय ते. आत्ता हे दार धर!"

पाच वाजता पडदा वर गेला. युवराज दारातून आला, ते स्वतःच्या हाताने ढकलून. पहिल्यांदा उलटं ओढलं, पण लोकांना तो अभिनय वाटला. भाचेबुवांनी तिन्ही वाक्यं म्हटली आणि दाराला असा काही कान लावला, की त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख बघून मागच्या रांगेतलं कुणीतरी हुंदका देऊन गेलं. विंगेत आक्का नुसते ओठ हलवत होती. हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. नाटकातल्या आईने दाराला हात घातला.

त्याच वेळी मिस्त्री बाजूच्या दरवाज्याने प्रेक्षागृहात आला. त्याच्या एका हातात पान्हा होता आणि दुसऱ्या हातात महाराणीची यादी. कलम नऊ: पहिल्या रांगेतल्या खुर्च्या काढून टाकणे, जवळचे चेहरे बघून लक्ष विचलित होते. त्याने डावीकडून सुरुवात केली.

तिसऱ्या खुर्चीत हॉलचे मालक होते.

"पाय जरा वर घ्या," मिस्त्री म्हणाला.

मालकांनी स्टेजवरची नजर न काढता पाय वर घेतले. दार धाडकन लागलं, आणि मिस्त्रीने त्यांच्या खुर्चीचा शेवटचा बोल्ट काढला.